झाडेकाकांचा तिसरा नळ

आमच्या शेजारी झाडेकाकांच्या घरी ताक नळाला येतं.

थट्टा नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला भिंतीवर एक पितळी तोटी आहे आणि वर फळीवर झाकणाची स्टीलची टाकी. काकू सकाळी ताक घुसळून त्या टाकीत ओततात. मग दिवसभर ज्याला हवं त्यानं पेला लावावा आणि तोटी फिरवावी. शेजारची दुसरी तोटी चहाची. तिच्यातून चहा इतक्या सावकाश येतो की कप भरेपर्यंत पाहुणा आपलं काम सांगून, नकार ऐकून मोकळा होतो. आम्ही सक्करदऱ्यात राहायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, ताकाच्या नळाखाली हात धुतले. काका रागावले नाहीत. "नळ पाहून हात धुवावासा वाटते, हे चांगल्या घरचं लक्षण आहे गा," एवढंच म्हणाले.

काका पाणीपुरवठा खात्यातून ज्युनियर इंजिनीअर म्हणून रिटायर झाले. नोकरी संपली, पाणी काही डोक्यातून उतरलं नाही. त्यांच्या मते जगात रोग दोनच. एक, प्रेशर कमी असणं आणि दुसरा, लाईनीत हवा पकडणं. आमचा मुलगा गणितात गटांगळ्या खात होता तेव्हा मी त्यांच्यापाशी रडगाणं गायलं. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पोट्ट्याले बुद्धी आहे वं सुनबाई, प्रेशर नाही." समोरच्या घरातल्या दोन जावांचं बोलणं बंद झालं तेव्हा निदान झालं, "हवा पकडली. शेवटची तोटी खोला, फस्स करून निघून जाते." शेवटची तोटी कोणती, हे त्या बायकांना कळलं नाही. पण दोघी मिळून काकांना हसल्या आणि त्यात बोलायला लागल्या.

गळता नळ मात्र त्यांना सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून ते मंगल कार्यालयाचा नळ बंद करून येतात. एकदा आम्ही एका ठिकाणी सांत्वनाला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि आतून टप टप टप. काका उठले आणि आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. घरच्या लोकांना वाटलं, यांना फारच लागलेलं दिसतं, एकटेच रडत असतील. ते वायसर बदलत होते. वायसर त्यांच्या खिशात असतोच.

तर अशा माणसानं मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी तिसरा नळ बसवायला घेतला. बिअरचा.

सुरुवात आमच्या भिंतीपासून झाली. फ्रिजच्या दाराला भोक पाडायचं म्हणून त्यांनी ड्रिल मशीन आणली आणि आधी सराव हवा म्हणून आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीवर सराव केला. मी हॉलमध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. घड्याळाच्या खालून एकाएकी विटांचा भुगा पडला, आणि त्यामागून आवाज आला, "बाप्पा! सुनबाई, तू आहेस का वं तिकडं?"

"आहे ना. तुम्ही काय करून राहिले, काका?"

"काही नाही, सराव," भिंत म्हणाली.

मग भंगारबाजारातून एक जुना फ्रिज आला. त्याचा रंग मूळचा कोणता होता हे सांगणारं कोणी उरलेलं नव्हतं. त्याच्या दाराला नळ बसला, आत टाकी ठेवायला जागा झाली. मागोमाग सायकल रिक्षातून एक उभा काळपट सिलिंडर आला आणि गल्लीत खळबळ उडाली. काकूंनी दारातच विचारलं, "स्वयंपाकाचा नाही म्हणता, मंग हा कायचा?"

"सोड्यात जी हवा असते ना, थेच हवा आहे याच्यात. ही हवा टाकीतल्या बिअरले मागून रेटते, अन् बिअर नळातून भाईर येते. पूर्ण पाणीपुरवठ्याचं शास्त्र आहे."

"फुटला त?"

"फुटला त सोडा होईल," काका म्हणाले. काकूंनी त्याच दिवशी देवघर दुसऱ्या खोलीत हलवलं.

काका पिणारे आहेत असं मात्र कोणी समजू नये. पितात ते अर्धा ग्लास, तोही कायद्यानं. त्यांच्याकडे दारू पिण्याचा आजीवन परवाना आहे. तो त्यांनी फ्रेम करून निरोपसमारंभाच्या फोटोखाली टांगलाय. "सरकारी माणूस होतो गा मी. अर्धाच घेईन, पण परमिटवर घेईन." त्यांचा मूळ बेत बिअरच्याच दोन नळांचा होता. एकातून दुकानातली बिअर, दुसऱ्यातून घरी बनवलेली. त्यासाठी त्यांनी गच्चीवर जव भिजत घातले, मोड आणले, वाळत घातले. मग ओळखीच्या एका वकिलानं त्यांना सांगितलं की परवाना पिण्याचा आहे, बनवण्याचा नाही. काका जागच्या जागी सरळ झाले. मोड आलेल्या जवांची काकूंनी झणझणीत तर्री टाकून उसळ केली. वाटीभर आमच्याकडेही आली. दिलीप रात्रीपर्यंत चावत होता. आणि घरगुती नळाला मग संत्र्याचा रस, आलं आणि सिलिंडरमधली हवा असं एक पेय आलं. ते प्यायल्यावर माणूस आधी शिंकायचा, मग ढेकर द्यायचा आणि मग आणखी मागायचा.

खऱ्या बिअरची टाकी एका ओळखीच्या बारवाल्यानं रीतसर पावती करून मिळवून दिली. तीस लिटर. ती चौघांनी उचलून आत नेली तेव्हा मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही पिता अर्धा ग्लास. ही पिणार कोण?"

"मुद्दा तोच त आहे ना वं," काका म्हणाले आणि विषय बदलून रेग्युलेटरचा काटा पुसत बसले.

मला मुद्दा कळला नाही. तो काकूंनी सांगितला, पापड लाटता लाटता. उन्हाळ्याची वाळवणं सुरू होती आणि मी मदतीला गेले होते.

"तुले काय सांगू वं, हे सारं लांजेवारांसाठी चालून राहिलं."

लांजेवार म्हणजे काकांचे व्याही. आमच्याकडच्या बोलीत इवाई. गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान, घर महाल भागात. काकांची मनीषा आणि लांजेवारांचा मुलगा यांचं लग्न झालं, काही वर्षं चाललं आणि मग आदळआपट न करता मोडलं. मनीषा हैदराबादला मजेत नोकरी करते. लांजेवारांच्या मुलानं दुसरं लग्न केलं, तोही मजेत आहे. पोरांचं आटोपलं. अडकले ते दोघे म्हातारे.

कारण तोवर या दोघांची दोस्ती अशी जमली होती की बघणाऱ्याला वाटावं, लग्न यांच्या सोयीसाठीच लावलं. दर रविवारी दुपारी लांजेवार स्कूटरवर यायचे. दोघांत एक बाटली, स्टीलचे दोन पेले, शेंगदाणे आणि जगाची निंदा. बाटली नेहमी लांजेवार ओतायचे. पेला तिरपा धरून, अगदी हळू, रेशमी कापड उलगडावं तसं. काकांनी ओतलं की नुसता फेस व्हायचा, म्हणून त्यांना बाटलीला हात लावायची बंदी होती.

फारकत झाली आणि रविवार बंद पडला. भांडण काहीच नव्हतं. पण बोलवायचं कोणत्या नात्यानं, आणि यायचं तरी कोणत्या नात्यानं? "इवाई म्हणाव त इवाईपण राहिलं नाही," काकू म्हणाल्या, "अन् नुसतं लांजेवार म्हणाव त यांच्या तोंडातून निघत नाही." एका लग्नात दोघं जेवणाच्या रांगेत समोरासमोर आले. एकमेकांकडे पाहिलं, काय बोलावं ते सुचेना, म्हणून दोघांनीही गडबडीनं जिलबी वाढून घेतली. दोघांनाही शुगर आहे.

"अन् आता मुद्दा काय, त बाटलीवर एकट्या माणसाले बोलावता येत नाही. लोक नावं ठेवतात. पण टाकी खोलली की ती संपवा लागते. अख्खी गल्ली बोलवा लागते. मंग त्या गर्दीत एखादा माणूस जास्त आला त कोणाले काय दिसते?" काकूंनी पापड उचलून खाटेवर टाकला. "ह्या एका माणसासाठी माझ्या घरात फ्रिजले भोकं पाडून राहिला हा माणूस. सरळ जाऊन ये म्हटलं त जात नाही."

मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. इतक्या सगळ्या नळ्या, सिलिंडर, रेग्युलेटर, आणि पोचायचं होतं ते याच गावात, सक्करदऱ्यापासून महालापर्यंत.

पुढच्या रविवारी टाकी उघडायची ठरली. गल्लीला आमंत्रण गेलं. शनिवारी मी पडद्याचं कापड घ्यायला गांधीबागेत निघाले, तर काका फाटकापाशी उभेच होते.

"त्या बाजूनं जाशील का वं? थे... थे एक दुकान आहे ना."

"कोणतं?"

"थेच ना वं." नाव काही निघालं नाही. "सहज म्हण फक्त. टाकी आणली म्हण. एवढी बिअर वाया जाईल म्हण."

लांजेवार गादीवर बसून कापड मोजत होते. बारीक अंगाचे, पांढरे शुभ्र कपडे, बोलणं मोजूनमापून. मी पडद्याचं कापड निवडलं आणि सहज म्हणाले, "आमच्या झाडेकाकांनी घरी बिअरचा नळ बसवला. उद्या दुपारी उघडून राहिले. तीस लिटर आहे, वाया जाईल म्हणतात."

त्यांचा हात गजावर थांबला. व्यापारी माणूस, वाया हा शब्द त्यांना जिव्हारी लागला असावा.

"गल्लीतले सारे आहेत?"

"सारे आहेत."

"अन् ओतणार कोण?"

"काका."

"अरे बाप्पा," लांजेवार डोळे मिटून म्हणाले. मग पुष्कळ वेळ घडी घालत राहिले. "पाहू," म्हणाले शेवटी. घरी येऊन बघते तर पडद्याचं कापड अर्धा मीटर जास्त कापलेलं. त्या दुकानात असं कधी झालं नसेल.

रविवारी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून नळाजवळ उभे राहिले. उद्घाटनाला मंत्री येणार असावा तसे. मी तोवर सामानासोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की प्रेशर कमी ठेवा आणि नळी लांब व बारीक असू द्या, नाहीतर फेस होतो. मी ते काकांना वाचून दाखवलं होतं. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

"उलटं छापलं आहे त्यांनी. लाईन लांब केली की प्रेशर पडते, हे लहान पोट्ट्यालेही समजते. मी एवढी वर्सं काय केलं मंग?" आणि सामानातली भलीमोठी गुंडाळी कापून त्यांनी हातभर नळी ठेवली आणि रेग्युलेटर पूर्ण खोलला.

नळ उघडला.

आधी घशातून खाकरल्यासारखा आवाज झाला. मग पांढऱ्या फेसाचा जो लोट सुटला तो पेल्यात शिरलाच नाही. पेल्याच्या बुडाला आपटून वर उडाला आणि थेट चालू पंख्यावर गेला. पंख्यानं निःपक्षपातीपणे तो सगळ्यांना वाटला. दिलीपच्या चष्म्यावर, वकिलांच्या टकलावर, काकूंच्या खाटेवरच्या पापडांवर. "काही नाही, हवा पकडली आहे!" काका ओरडले आणि त्यांनी नळ आणखी खोलला. मग घरात दिसायचं बंद झालं.

दुसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या हातात फेसानं भरलेला पेला आला. फेस बसेपर्यंत थांबलं की तळाशी औषधाच्या झाकणाएवढी बिअर निघायची. दिलीप चमच्यानं खायला लागला. हळूहळू लोक संत्र्याच्या नळाकडे वळले, शिंकले, ढेकर दिले, "मस्त होती हं काका," असं म्हणून निघायला लागले. काका प्रत्येक वेळी म्हणत, "थांबा गा, आता येते, आता येते." आणि प्रत्येक वेळी त्यांची नजर नळाऐवजी फाटकाकडे जायची. त्यांना घाई का आहे ते मला आणि काकूंना ठाऊक होतं. तो माणूस आला आणि द्यायला नुसता फेसच असला, तर मग पुन्हा बोलवायचं कोणत्या तोंडानं?

गर्दी ओसरली आणि फाटक वाजलं.

लांजेवार दारात उभे होते. इवाई कधी मोकळ्या हातानं येत नाही आणि यजमानही त्याला दुपट्टा-टोपीशिवाय पाठवत नाही, अशी आपली रीत. पण आता काय आणावं हे न कळून ते मोकळ्या हातानं आले होते आणि ते मोकळे हात त्यांनी पाठीमागे लपवले होते.

"आहेत का... घरी?" त्यांनी काकांनाच विचारलं.

"आहे ना. या... या ना," काका म्हणाले. नाव दोघांनीही घेतलं नाही.

लांजेवार आत आले. छताकडे पाहिलं, पापडांकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"प्रेशर किती ठेवलं?"

"फुल."

"कमी करा."

ते माहितीपत्रक सोडलं तर काकांना उभ्या जन्मात हे कोणी सांगितलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही, काकूंनी नाही. मला वाटलं, आता उलटं छापल्याचं भाषण होणार. पण काका निमूट वाकले आणि त्यांनी रेग्युलेटर फिरवला. टाकीवरची कडी लांजेवारांनी उचलली. जास्तीची हवा फस्स करून निघून गेली.

"अन् नळी एवढीशीच?"

"कापली मी."

"कापाच्या आधी विचारावं ना कोणाले."

"कोणाले विचारू?" काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. काकू उगाच पापड पुसायला लागल्या. लांजेवारांनी चष्मा काढला, त्यावर फेस नव्हता तरी पुसला.

मग काका आतून कापलेली गुंडाळी घेऊन आले. नळीचा तुकडा ते कधी फेकत नाहीत. खाली बसून त्यांनी दोन्ही टोकं जुळवली, मधे जोड घातला, क्लिपा आवळल्या, बोट फिरवून पाहिलं. या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. "जोड दिसन," ते खाली मान घालून म्हणाले, "पण गळनार नाही."

"दिसू द्या ना," लांजेवार म्हणाले.

टाकी शांत होईपर्यंत थांबायचं होतं. दोघांनी दोन खुर्च्या फ्रिजसमोर ओढल्या आणि बसले. काकूंनी शेंगदाणे आणून ठेवले. आधी गुडघे झाले, मग शुगर. मग त्या लग्नातली जिलबी निघाली. "कशी होती?" काकांनी विचारलं. "शिळी," लांजेवार म्हणाले, "तुमची?" "माझीही." आणि दोघं इतके हसले की कुलरचा आवाज ऐकू येईना. मग जगाची निंदा सुरू झाली. बरीच साठली होती.

ऊन उतरल्यावर लांजेवार उठले. पेला तिरपा धरला, नळ हलकेच उघडला. सोनेरी धार पेल्याच्या कडेनं आवाज न करता उतरली, वर दोन बोटं फेस. त्यांनी पेला अर्धाच भरला आणि काकांच्या हातात दिला. काका एक घोट प्यायले आणि त्यांनी रेग्युलेटरच्या काट्याकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात कमी प्रेशरचा हा पहिलाच पाणीपुरवठा.

जायच्या वेळी लांजेवार फ्रिजपाशी थांबले. त्या फ्रिजचे गंजलेले पोपडे, दाराच्या भोकाभोवतीचा राडा, सगळं त्यांनी गिऱ्हाइकानं परत आणलेला माल पाहावा तसं पाहिलं.

"असा उघडा ठेवता?"

"कोण पाहते गा," काका पेला विसळून नळाखाली धरत म्हणाले. आता ओतायची परवानगी मिळाली होती, शिकणं चालू होतं.

"कोण पाहते म्हणजे? मी पाहून राहिलो ना." लांजेवारांनी खिसा चाचपला. टेप नव्हती. मग हाताची वीत पसरली आणि फ्रिजच्या अंगावरून वरून खाली, मग आडवं माप घेतलं. मनाशी पुटपुटत, परत एकदा मोजलं. "जाड कापड लागन याले. कव्हर शिवून घेतो. नळासाठी समोरून फाट ठेवू." चपला घातल्या. पायरी उतरले. आणि वळून न पाहता, सहज म्हणाले, "पुढच्या रविवारी आणतो, इवाई."

काकांनी नळ उघडला होता, पण ते फाटकाकडेच पाहत उभे होते. हातातला पेला भरला, भरून वाहायला लागला, बिअर त्यांच्या मनगटावरून, इस्त्रीच्या शर्टावरून पायांवर सांडत राहिली. ज्या माणसाला परक्याच्या घरचा टपटप करणारा नळ बघवत नाही, त्याला स्वतःचा वाहता नळ दिसत नव्हता. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली तरी दिसत नव्हता.

नळ काकूंनी येऊन बंद केला.